दिवाणखान्यातला घाट

"आम्हाला डोंगरात न्यायला कुणाच्या कंपनीची गरज नाही," असं मिनिटरावांनी भर जेवणात मेहुण्याला ऐकवलं, आणि ऐकवून शांतपणे आणखी दोन बटाटे वाढून घेतले.

मेहुणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. त्याची प्रवास कंपनी होती. लोकांना बसमध्ये कोंबायचं, चार ठिकाणी उतरवायचं, फोटो काढायला लावायचं आणि परत आणायचं, असा त्याचा धंदा. धंदा जोरात होता, त्यामुळे तोही जोरात होता. पर्वतातल्या तिन्ही राष्ट्रीय उद्यानांची सहल मी घडवतो, घरच्याच माणसांची आहे, तुम्ही फक्त बॅग भरा, असं तो चांगल्या मनाने म्हणाला होता. पण म्हणताना तो किंचित हसला. बस, तेवढं पुरे झालं.

आता मिनिटराव कोण, ते सांगायला हवं. शहर बससेवेच्या मोठ्या डेपोत ते सत्तावीस वर्षं वेळापत्रक विभागात होते. पगारपत्रकावर त्यांचं वेगळं नाव असेलही, पण सारा डेपो त्यांना मिनिटराव म्हणायचा आणि हळूहळू घरचेही तेच म्हणायला लागले. पंधरा नंबरची बस सात वाजता न सुटता सात वाजून चार मिनिटांनीच का सुटते, हे तुम्ही त्यांना विचारलंत तर ते तासभर समजावून सांगत, आणि तेवढ्या वेळात पंधरा नंबरच्या चार बस निघून जात. ज्या माणसाने सगळं शहर सत्तावीस वर्षं वेळेवर कामाला पाठवलं, त्याला चार माणसं डोंगरात नेता येणार नाहीत? मेहुण्याच्या त्या हसण्याचा अर्थ त्यांनी असा लावला आणि कंबर कसली.

बायकोला मात्र या दोघांच्या झटापटीशी काही देणंघेणं नव्हतं. तिला डोंगर बघायचे होते. लग्न झालं तेव्हापासून बघायचे होते. पहिल्यांदा ठरलं तेव्हा डेपोत नवीन वेळापत्रक निघालं, दुसऱ्यांदा ठरलं तेव्हा सासरे आजारी पडले, तिसऱ्यांदा लेकीची परीक्षा आली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, दिवसभर उभं राहून. पाच वर्षांनी तिला सलग आठ दिवसांची रजा मिळाली होती, आणि साहेबांनी बजावलं होतं की यानंतर नवीन मशीन येणार, दोन वर्षं रजेचं नावही काढू नका. त्यात गुडघ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की चढायचं काय ते आत्ताच चढून घ्या. त्या रात्री भाऊ गेल्यावर तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "कसंही न्या, पण न्या. हे आठ दिवस गेले, तर मी डोंगर फक्त चित्रात बघायचे."

मिनिटरावांनी तिला शब्द दिला. मग त्यांनी कागद घेतला, पट्टी घेतली आणि कामाला लागले.

योजना खरोखर चोख होती, हे त्यांच्या शत्रूनेही मान्य करावं. शनिवारी संध्याकाळची रेल्वे, रात्रभर प्रवास, रविवारी सकाळी सातला पायथ्याच्या स्टेशनबाहेरून बस, साडेनऊ तास बसचा रस्ता, त्यातले शेवटचे सव्वादोन तास घाट, आणि संध्याकाळी साडेचारला पहिल्या उद्यानाच्या नाक्यावर. मग सोमवार ते शुक्रवार पाच दिवस तीन उद्यानं, शनिवारी परतीची वाट. तिन्ही उद्यानांचा परवाना एकच असतो, तो पहिल्या उद्यानाच्या नाक्यावरून रजिस्टर पोस्टाने घरी येतो. त्यासाठी त्यांनी अर्ज पाठवला. घरात फोन नव्हता, आणि असता तरी त्यांनी त्याचा नंबर दिला नसता, कारण फोनवर बोललेलं नंतर कुणी कबूल करत नाही असा त्यांचा अनुभव होता.

एवढं झाल्यावर कुठलाही माणूस बॅगा भरायला घेईल. पण मिनिटराव डेपोचे होते. डेपोचा नियम असा की कुठलंही नवीन वेळापत्रक फळ्यावर लावायच्या आधी त्या मार्गावर रिकामी गाडी पळवून बघायची. तिला चाचणी फेरी म्हणतात. ड्रायव्हर, कंडक्टर आणि घड्याळ घेतलेला एक कारकून, एवढी तिघंच त्या गाडीत असतात, आणि गाडी प्रत्येक थांब्यावर थांबते, चढायला कुणी नसलं तरी. सत्तावीस वर्षांत मिनिटरावांनी चाचणी फेरीशिवाय एक कागद बाहेर पडू दिला नव्हता. घरच्या माणसांच्या बाबतीत तर ते मुळीच धोका पत्करणार नव्हते.

गुरुवारी बायकोची साप्ताहिक सुट्टी असायची. त्यांनी स्वतः रजा टाकली, लेकीला कॉलेज बुडवायला लावलं, आणि सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं की उद्या आपल्याला बसने जायचंय, पण कुठेही जायचं नाहीये. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढचं. त्या जावयाशी वाद घालत नसत. लेकीने दहा मिनिटं वाद घातला आणि मग एक जाडं पुस्तक बरोबर घ्यायची परवानगी मिळवून ती गप्प बसली. बायकोने आठ दिवस डोळ्यांसमोर आणले आणि होकार दिला.

सकाळी साडेसहाला चौघं स्वेटर घालून, सगळ्या बॅगा घेऊन जिना उतरले. सामान उचलून जिने उतरायला किती वेळ लागतो, तेही मोजायचं होतं ना. जिन्यात समोरच्या घरातली शेजारीण दुधाची पिशवी घेऊन वर येत होती. महिनाभर तिने या घरातून डोंगर, उद्यान आणि परवाना याखेरीज दुसरं काही ऐकलं नव्हतं. तिने विचारलं, निघालात का? आता इथे एखाद्याने सांगितलं असतं की नाही हो, आम्ही नुसता सराव करतोय. पण चाचणी फेरीचा पहिला नियमच असा की गाडी खरी समजायची. ही खोटी फेरी आहे असं ड्रायव्हरने मनात जरी आणलं, तरी तो सिग्नल तोडतो. म्हणून मिनिटराव छाती पुढे काढून म्हणाले, "निघालो." शेजारणीने सांभाळून जा म्हटलं आणि ती दार लावून घरात गेली. ही चौघं कोपऱ्यापर्यंत गेली, स्टेशन समजून बारा मिनिटं तिथे उभी राहिली, आणि आवाज न करता परत वर आली.

दिवाणखान्यात बस तयार होती. सोफा भिंतीला सरकवलेला, जेवणाच्या खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत, पुढे ड्रायव्हरची एक रिकामी खुर्ची. सासूबाईंना खिडकीची जागा दिली होती, तिथून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसायचे. बरोबर सातला मिनिटरावांनी शिट्टी वाजवली आणि गाडी सुटली. नऊ वीसला दहा मिनिटं चहा, अकरा चाळीसला पंचवीस मिनिटं जेवण, दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा दहा मिनिटं, आणि मग घाट. मध्ये उठायचं नाही, उतरायचं नाही, स्वयंपाकघरात जायचं नाही, कारण तिथे सध्या दरी होती.

अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. बायको उठायला लागली तर मिनिटरावांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. धावत्या गाडीतून उतरायला मनाई आहे, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. तिने विचारलं की महत्त्वाचं कुणी असलं तर? ते म्हणाले, महत्त्वाचा माणूस थांब्यावर वाट बघतो. कडी आणखी दोनदा वाजली आणि बंद झाली. अकरा चाळीसला थांबा आला, तेव्हा त्यांनी स्वतः दार उघडून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. बघितलंस, एवढं काही महत्त्वाचं नव्हतं, असं म्हणून ते उकडलेली अंडी सोलायला बसले.

बाहेर आलेला तो पोस्टमन होता आणि त्याच्या हातात परवाना होता.

पोस्टमन बिचारा फार भला माणूस. त्याने समोरचं दार ठोठावलं. शेजारणीने छातीठोकपणे सांगितलं की ती मंडळी सकाळीच डोंगराकडे गेली, मी माझ्या डोळ्यांनी बॅगा पाहिल्या, त्यांनी स्वतः तोंडाने सांगितलं. पोस्टमनने लिफाफा उलटून बघितला, तर पाठवणारा उद्यानाचा नाका. म्हणजे माणसं गेली डोंगरात आणि डोंगरात जायचा कागद राहिला इथे. नियमाप्रमाणे त्याने सात दिवस पत्र ठेवून घ्यायला हवं होतं. पण त्याने माणुसकी दाखवली, लिफाफ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं की कुटुंब आज गुरुवारी सकाळी तिकडे निघालं आहे, नाक्यावर पोचताच त्यांना द्यावे, आणि पत्र त्याच दिवशी उलट टपालाने डोंगराकडे रवाना केलं. शेजारीण संध्याकाळी बहिणीकडे आठवड्यासाठी राहायला गेली. त्यामुळे ही माणसं घरातच आहेत, हे तिला कळायचं काही कारण उरलं नाही.

चाचणी फेरी नापास झाली. कारण सासूबाई. दुपारी तीनच्या सुमारास, ऐन घाटात, त्या शांतपणे उठून बाथरूमला गेल्या आणि तिथून निघून आपल्या पलंगावर जाऊन निजल्या. गाडी त्यांच्यासाठी सतरा मिनिटं खोळंबली. मिनिटरावांनी वहीत तसा शेरा लिहिला आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा फेरी जाहीर केली. शनिवारी निघायचं होतं, म्हणजे शेवटची संधी तीच होती.

मधला आठवडा त्यांनी पत्राची वाट बघण्यात घालवला. रोज संध्याकाळी डेपोतून आले की आधी पत्रपेटी उघडायचे. पोस्टात जाऊन विचारून या, असं बायको तीनदा म्हणाली. पण मिनिटरावांचा बाणा वेगळा. तोंडी विचारणा म्हणजे गयावया, लेखी तक्रार म्हणजे हक्क. त्यांनी पोस्टखात्याच्या बेशिस्तीवर दोन पानी तक्रार लिहिली आणि ती पोस्टाने पाठवली. बायको मग रोज रात्री आपल्या बुटांना मऊ करायला तेल लावत बसायची. ते बूट बघितले की मिनिटराव पुन्हा एकदा जिना उतरून पत्रपेटी बघून यायचे.

इकडे काय चाललंय ते आपण बघतोय. तिकडे डोंगरात काय चाललं होतं तेही ऐका.

सोमवारी लिफाफा नाक्यावर पोचला. तिथल्या कारकुनाने मजकूर वाचला आणि बोटांवर हिशोब केला. गुरुवारी सकाळी निघालेली माणसं फार तर शुक्रवारी संध्याकाळी यायला हवीत. आज सोमवार. आणि शनिवारी तर घाटात दरड कोसळली होती. अर्जात लिहिलं होतं, चार माणसं, पैकी एक वृद्ध स्त्री. कारकुनाने मुख्य अधिकाऱ्यांना सांगितलं, अधिकाऱ्यांनी घंटा वाजवली, आणि चौदा वनरक्षक दोर, कंदील आणि स्ट्रेचर घेऊन दरीत उतरले. दोन दिवस त्यांनी हाका मारल्या. एका झाडाखाली एक जुनी टोपी सापडली तेव्हा सगळ्यांनी ती सासूबाईंची असणार असं ठरवलं आणि मुख्य अधिकारी जेवले नाहीत. बुधवारी संध्याकाळी त्यांनी शहराच्या पोलिसांना बिनतारी संदेश दिला की या पत्त्यावर चौकशी करा, नातेवाईक असतील तर त्यांना कळवा.

गुरुवारी, बरोबर सव्वातीन वाजता, हवालदार जिना चढून आला. शेजारीण त्याच वेळी बहिणीकडून परत आली होती आणि कुलपात किल्ली घालत होती. हवालदाराने सांगितलं की ही मंडळी डोंगरात बेपत्ता आहेत. तिने तिथेच जिन्यावर बसकण मारली. मी शेवटची पाहिली त्यांना, असं ती रडत रडत सांगायला लागली. हवालदाराने रीतीप्रमाणे दारावर थाप मारली. उत्तर नाही. जोरात मारली. उत्तर नाही.

उत्तर येणार कसं? आत घाट चालू होता. घाटात कानाला दडे बसू नयेत म्हणून मिनिटरावांनी या खेपेला चौघांच्याही कानात कापसाचे बोळे घातले होते आणि वरून लोकरीच्या टोप्या घट्ट ओढल्या होत्या. शिवाय सासूबाईंनी उठून जाऊ नये म्हणून त्यांना कामाला लावलं होतं. नकाशावर घाटात चव्वेचाळीस वळणं होती. मिनिटराव पुढे उभे राहून हात वर करायचे, डावा हात म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, आणि चौघांनी त्या बाजूला झुकायचं. एकविसाव्या वळणाला सासूबाईंना खरोखरच मळमळायला लागलं. त्या कण्हू लागल्या.

ते कण्हणं दारापलीकडे ऐकू गेलं. दाराला बाहेरून कुलूप नाही, आतून कडी, आणि आत कुणीतरी विव्हळतंय. हवालदार भित्रा नव्हता, पण विचार करायला त्याने फार वेळ घेतला नाही. त्याने दोन पावलं मागे घेतली आणि खांदा लावला. कडी उखडली, दार भिंतीवर आदळलं.

हवालदाराला काय दिसलं? बेपत्ता कुटुंब. चार माणसं, स्वेटर घातलेली, कानटोप्या घातलेली, मांडीवर बॅगा, सगळी एकाच बाजूला वाकलेली. त्यातला पुरुष डावा हात वर करून उभा. शेजारणीने एक किंकाळी फोडली आणि हवालदाराच्या पाठीमागे लपली. तिला वाटलं, गेली ती माणसं, आणि हे जे काही दिसतंय ते वेगळंच आहे.

हवालदाराने घसा साफ केला. तो म्हणाला, "तुम्ही हरवलेले आहात."

मिनिटरावांनी कानातला बोळा काढला आणि त्याला सांगितलं की पुढचा थांबा साडेचार वाजता आहे, तोवर गाडीत कुणी चढू नये. सासूबाईंनी डोळे न उघडताच हात हलवला. "हळू बोला हो," त्या म्हणाल्या, "मला गाडी लागलीय."

मग पाणी, मग खुर्च्या सरळ, मग सगळा उलगडा. पत्र कुठे गेलं, कुणी पाठवलं, चौदा माणसं कुठे उतरली, सगळं हवालदाराने वहीतून वाचून दाखवलं. शेजारीण मान खाली घालून बसली होती. लेकीने पुस्तकात तोंड लपवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. बायको एकटीच हसत नव्हती, रडत नव्हती. ती उठली, हवालदाराला तिने चहा दिला, आणि विचारलं की आता परवान्याचं काय. तो म्हणाला, परवाना नाक्यावरच आहे, पण तुम्ही घरातच होतात हे मी कळवलं की तिथले मुख्य अधिकारी फार चिडतील, लेखी खुलासा दिल्याशिवाय आत सोडणार नाहीत. बरं, म्हणाली बायको. आणि ती बुटांच्या नाड्या ओवायला बसली.

मिनिटरावांनी विचारलं, अशा परिस्थितीत जायचं का. ते आयुष्यात पहिल्यांदाच असं काही विचारत होते. बायकोने वर न बघताच सांगितलं, "परवाना असो नसो, मी शनिवारच्या गाडीत आहे. तुम्ही यायचं की नाही ते ठरवा."

ते आले. आणि आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण सगळा घोटाळा त्यात आहे. खरी बस निघाली सातला, चहाला थांबली नऊ वीसला, जेवायला अकरा चाळीसला, चव्वेचाळीस वळणं झाली आणि गाडी उद्यानाच्या नाक्यावर लागली चार वाजून तीस मिनिटांनी. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. मिनिटरावांनी ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं, कंडक्टरला दाखवलं, एका अनोळखी बाईलाही दाखवलं. मेहुण्याला बोलवून आणता आलं असतं तर त्यालाही दाखवलं असतं. या साडेचारने त्यांचा घात केला. योजना बरोबर होती, म्हणजे आपण बरोबर होतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

नाक्यावर खिडकीत तोच कारकून बसला होता. त्याने सगळ्यांकडे एकदा प्रेमाने बघितलं, कारण दोन दिवस शोधलेली माणसं शेवटी धडधाकट दिसत होती. मग त्याने साहेबांनी मंजूर केलेला छापील कागद पुढे सरकवला. मजकूर एका ओळीचा. आमच्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही. खाली सही. प्रत्येकाने आपापली करायची, म्हणजे आपापला पास मिळेल.

बायकोने सही केली. लेकीने केली. सासूबाईंनी विचारलं चूक कसली, आणि उत्तर ऐकायच्या आधीच सही केली. मिनिटरावांनी कागद वाचला, घडी केली आणि परत दिला.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले. "चूक झालेलीच नाही."

त्यांनी स्वतःचा खुलासा लिहिला. चूक पोस्टमनची, कारण त्याने नियम मोडून पत्र परत पाठवलं. चूक शेजारणीची, कारण तिने ऐकीव माहिती दिली. चूक उद्यानाची, कारण त्यांनी टोपी नीट तपासली नाही. नियोजनात कोणतीही त्रुटी नाही, सोबत प्रत्यक्ष आगमनाची वेळ जोडली आहे. कारकुनाने तो खुलासा पूर्ण वाचला, अक्षराची तारीफ केली, आणि सांगितलं की यात 'चूक झाली' एवढे दोन शब्द नाहीत, ते घालून आणा.

विश्रामगृह नाक्याच्या अलीकडे होतं, त्यामुळे झोपायची, जेवायची सोय सगळ्यांची एकत्रच होती. पण सकाळी सहाला उद्यानाची गाडी आत जायची आणि ती फक्त पासवाल्यांना न्यायची. सोमवारी सहाला बायको, लेक आणि सासूबाई आत गेल्या. जायच्या आधी बायकोने नवऱ्याला दोनदा विचारलं, सही करताय का. त्यांनी दोनदा नाही म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे असंही सांगितलं. मग ती म्हणाली, "पंचवीस वर्षं मी तुमच्या वेळापत्रकावर चालले. हे पाच दिवस माझे आहेत, मी तुमच्या तत्त्वावर घालवणार नाही." आणि ती गाडीत पुढच्या जागेवर जाऊन बसली.

सोमवारी मिनिटरावांनी नाक्याच्या बाकावर बसून दुसरा खुलासा लिहिला. मंगळवारी तिसरा, तो चार पानी होता. बुधवारी त्यांनी घटनाक्रमाचा तक्ता काढला, त्यात पोस्टमनची कडी वाजवण्याची वेळ अकरा दोन अशी लिहिली आणि त्याखाली रेघ मारली. बाकावरून उद्यान दिसत नव्हतं. समोर नाक्याची भिंत होती, भिंतीवर सूचना होत्या, आणि सूचनांच्या वरच्या अंगाला फार तर दोन बोटं एवढा एक हिरवा उतार दिसायचा. संध्याकाळी पाचला गाडी परत यायची. बायको लाल झालेलं नाक आणि मातीने भरलेले बूट घेऊन उतरायची. तिन्ही दिवस ती चांगली दमलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मिनिटराव विचारायचेच नाहीत, काय काय बघितलं म्हणून. विचारलं तर हरल्यासारखं झालं असतं.

ज्या वनरक्षकांनी त्यांना शोधलं होतं, तेच रोज गाडीबरोबर असायचे. हरवलेली माणसं म्हणून त्यांना या तिघींचा भारी लळा लागला होता. इथे तुम्हाला हाका मारल्या, इथे रात्र काढली, इथे टोपी सापडली, असं करत ते त्यांना अशा जागी घेऊन जात, जिथे मेहुण्याच्या कंपनीची माणसं जन्मात पोचली नसती. हे सगळं सासूबाई जेवताना सांगायच्या. मिनिटराव ताटात बघत ऐकायचे.

गुरुवारी गाडी अर्धा तास आधीच परत आली. वर ढग आले होते. लेक आणि सासूबाई विश्रामगृहाकडे गेल्या. बायको बाकावर येऊन नवऱ्याशेजारी बसली. तिने बूट काढले, मोजे झटकले, गुडघे चोळले.

"आज बर्फाला हात लावला," ती म्हणाली. "आणि सवयीने मागे वळले, अहो बघा म्हणून. चार दिवस हेच चाललंय. दर वळणाला मी मागे वळते आणि तिथे आई असते. माझे गुडघे पुन्हा इथवर यायचे नाहीत, अहो. तुम्ही बरोबर असाल. मला तुम्ही बरोबर असायला नको होतात, बरोबर यायला हवे होतात."

मिनिटरावांना एकदम फार लाज वाटली, इतकी की कान गरम झाले. सत्तावीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवून आपण स्वतः पोचलो कुठे, तर एका भिंतीसमोर, हे त्यांना आत्ता कुठे उमगलं. त्यांनी तो चार पानी खुलासा, तो तक्ता, सगळं बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. माझ्या हातून चूक झाली, असं लिहिलं. मग पेन थांबलं. कारण नुसतं एवढंच लिहिणं त्यांना जमेना. चूक कशी झाली, कडी वाजली तेव्हा उठायला हवं होतं, बायको उठत होती तिला मी बसवलं, हेही त्यांनी लिहिलं, सविस्तर. शेवटी पुन्हा होणार नाही, असं लिहून त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि उठून, जवळजवळ धावतच, खिडकीशी गेले. बायको अनवाणीच मागून आली.

कारकुनाने कागद घेतला नाही. त्याने मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. खिडकी पाचला बंद होते. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. पास आता उद्या दहाला मिळेल.

बायकोने त्याला समजावलं. उद्या शुक्रवार, शेवटचा दिवस, गाडी सहाला जाते, दहाला पास घेऊन हे करतील काय? कारकून हळहळला, मनापासून हळहळला. पण वेळ झाली म्हणजे झाली, तो म्हणाला. बायकोने आवाज चढवला. चार दिवस हा माणूस सही करत नव्हता, आज करतोय, आणि तुम्ही दोन मिनिटांवर अडलात? तुमच्या चौदा माणसांनी दोन दिवस शोधला याला, आणि आता सापडलाय तर आत घेत नाही? ती एवढी भांडली, एवढी भांडली, की विश्रामगृहातून लोक बाहेर आले. शेवटी ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, तुम्ही तरी बोला ना काहीतरी."

मिनिटरावांनी घड्याळाकडे बघितलं. आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन्ही जुळत होती. चार दिवस या कारकुनाशी ते अक्षराअक्षराने लढले होते, त्याच्याविरुद्ध एकूण अकरा पानं लिहिली होती. त्यांनी मान खाली घातली.

"अगं," ते पुटपुटले, "बरोबर आहे त्यांचं. उशीर झालाच की."

दुसऱ्या दिवशी उद्यानाची गाडी सहाला सुटली. बायको पुढच्या जागेवर होती. तिने मागे वळून बघितलं नाही. मिनिटराव बाकाजवळ उभे होते, आणि त्यांना पोटातून रडायला येत होतं, पण गाडी मिनिटाला धरून सुटली हे बघून, खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं.